खोकला आला की कात्री

३ नोव्हेंबर, सोमवार

शेठना बरणी नको. साहेबांना बरणीशिवाय पिक्चर नको. आणि भांडायला दोघंही आले माझ्याच ऑफिसात — इथला चहा चांगला असतो ना!

बरणी म्हणजे साहेबांच्या नव्या हिंदी पिक्चरमधला एक सीन. म्हातारा-म्हातारी सकाळपासून अबोला धरून बसलेत. तिला मधाची बरणी उघडत नाही. ती त्याला सांगणार नाही, तो आपणहून विचारणार नाही. ती खोलीबाहेर गेली की हा गुपचूप जोर लावतो. हा गेला की ती. चार मिनिटं हेच! शब्द नाही, संगीत नाही.

शेठ म्हणाले, "साहेब, लोक तिकीट काढून बरणी बघायला येणार? बरणी काय, प्रत्येकाच्या घरी आहे."

साहेब म्हणाले, "म्हणूनच."

"आणि माझं हेलिकॉप्टर?"

"आहे की. बरणी संपली की लगेच."

हेलिकॉप्टर म्हणजे शेठचा जीव की प्राण. शेवटी म्हातारा-म्हातारीचा हरवलेला मुलगा त्यातून उतरतो, दोन ट्रक हवेत उडतात आणि मग दीडशे माणसं नाचतात. कशाबद्दल, ते विचारायचं नाही. साहेबांच्या मूळ गोष्टीत मुलगा हरवलेला नव्हताच. शेठ निर्माते झाले आणि मुलगा हरवला.

तास-दीड तास तू-तू मी-मी. शेवटी ठरलं ते नेहमीचंच. माझ्या हॉलमध्ये ट्रायल लावायची आणि कान सांगेल ते दोघांनी ऐकायचं. हेलिकॉप्टरला हात लावायचा नाही म्हणून शेठ आधी अडून बसले होते, पण साहेब म्हणाले, "नियम सगळ्या पिक्चरला. निवडक रिळांना नाही." शेठ हसून हो म्हणाले. हेलिकॉप्टरला कोण खोकणार!

कान म्हणजे मी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वर्तमानपत्रातली एक पोरगी आली होती. साहेबांच्या आयुष्यावर लिहितेय. मला म्हणाली, "काका, तुम्हाला 'कान' का म्हणतात?"

सांगितलं तिला. साहेबांच्या पहिल्या पिक्चरच्या वेळी मी थिएटरात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर बसवायचो. स्वतःचा हॉल-बिल वगैरे पुढची गोष्ट. साहेब आत बसूच शकत नव्हते. स्वतःचं पिक्चर लोकांबरोबर बघणं जमत नाही त्यांना, अजूनही! जिन्यावर माझ्या शेजारी बसले, पेन्सिल चावत. म्हणाले, "आत काय चाललंय रे?" मी दाराला कान लावला. म्हटलं, "चौथ्या रांगेत एक गृहस्थ खोकतायत. पण तो खोकला नाही, कंटाळा आहे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि तो सीन कापून आले. पिक्चर धो धो चाललं.

तेव्हापासून नियमच झाला. प्रत्येक पिक्चरची ट्रायल. बघायला साधी माणसं — खालचा दाताचा डॉक्टर, इस्त्रीवाला, दोन शिक्षिका, कोणीही. साहेब जिन्यावर. मी आत, मागच्या कोपऱ्यात, डोळे मिटून. खोकला आला की कात्री!

पोरगी म्हणाली, "पण टाळ्या, हशा—?"

म्हटलं, "बाळ, टाळ्या ओळखीपाळखीतही वाजतात. बायको शेजारी बसली असेल तर माणूस हसतोही. खोकला मात्र कोणी कोणाच्या भिडेखातर काढत नाही. खरा कंटाळ्याचा खोकला पोटातून येतो. घशातून येतो तो नुसता आवाज."

तिनं हे लिहून घेतलं. मग मी उगाच आणखी दोन-तीन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. त्या तिनं लिहून घेतल्या नाहीत.

साहेबांचं वेड लोकांना किती आहे तेही सांगितलं. सेटवर ते ओरडत नाहीत. हळूच म्हणतात, "होऊ द्या." थांबवायचं असेल तर, "पुरे." एवढंच. मागे खालच्या डॉक्टरकडे दाढ दाखवायला गेले, तर खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस असतानाच उभा राहिला आणि त्यांच्या दुसऱ्या पिक्चरमधलं कोर्टातलं अख्खं भाषण म्हणून दाखवलं. एक अक्षर कळलं नाही. साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आमच्या हिरोपेक्षा स्पष्ट म्हटलंत."

रात्री हिला सगळं कौतुकानं सांगितलं. ही म्हणाली, "घरात तीनदा हाक मारावी लागते. म्हणे कान!"

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेठ आले. एकटे. बिस्किटं घेऊन! शेठ स्वतः काही घेऊन आले की मी आधी खुर्ची भिंतीला टेकवून घेतो.

"तुमचा हॉल वर्षभर आमच्याकडेच असतो, नाही का?"

"आपली कृपा."

"कृपा दोन्हीकडून असावी. पुढच्या गुरुवारी ट्रायलला कान जरा तिखट ठेवा. बरणीच्या वेळी एखादा बारीकसा खोकलासुद्धा सुटता कामा नये."

"कान आहे तसाच आहे, शेठ. वयानं केस उगवलेत, एवढंच."

हसले. मीही हसलो. दोघांनाही हसू आलं नव्हतं. हा माणूस हॉल सोडून गेला तर मला पुन्हा बॅटरी हातात घ्यावी लागेल, हे त्यालाही माहीत, मलाही.

जाताना बिस्किटं परत घेऊन गेले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काय ऐकलं आज! हसून हसून पुरेवाट.

शेठच्या मेहुण्यानं माझ्या हॉलची डबिंगची छोटी खोली दुपारभर भाड्यानं घेतली होती. "आवाजाचं काम आहे." खोली पक्की, आतला आवाज बाहेर येत नाही. पण तिथल्या हवेच्या नळीचं दुसरं तोंड खाली माझ्या घराच्या बाथरूममध्ये उघडतं, हे मेहुण्याला कुठून माहीत!

मी दाढीला साबण लावून उभा. नळीतून मेहुणा:

"हे बघा, पहिला खोकला माझा. मी खोकल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. मग ड्रायव्हर, तू कोरडा. मग तुम्ही दोघं ओला. आणि काका शेवटी, लांब."

"किती लांब?"

"दम संपेपर्यंत. आणि एकदा सुरू झालं की मी थांबेपर्यंत कोणी थांबायचं नाही!"

"मला खोकण्यापेक्षा शिंक चांगली जमते."

"शिंकेवर सीन कापत नाहीत हो! खोकलाच पाहिजे."

"अन् पिक्चर बघायचं की नाही मग?"

"बघायचं काय त्यात? बरणी आहे."

मग तालीम. आठ जणांची! वाटलं, सगळा दवाखाना नळीतून घरात शिरतोय. काकांचा खोकला इतका लांबला की मध्ये कोणीतरी "काका, काका!" म्हणून पाठ चोळली. सगळे घशातून. एकही पोटातून नाही. पण साहेब जिन्यावर असतात, त्यांना फरक कसा कळणार? त्यांना मी सांगेन तेच कळणार.

हसू तिथंच थांबलं. अर्धी दाढी तशीच राहिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांना सांगावं का? सांगितलं तर ते रागानं पिक्चरच डब्यात घालतील, तसा स्वभाव. वर शेठ मला घालतील. नाही सांगितलं तर बरणी गेली.

साहेब आज फोनवर म्हणाले, "हे माझं शेवटचं रे. गुडघे नाही म्हणतात." मग, "बरणी राहील ना?"

"बघू या, साहेब." एवढंच बोललो. काय मोठा कान! तोंड कुठे होतं?

९ नोव्हेंबर, रविवार

मी काही बोललो नव्हतो. फक्त हिला सांगितलं. आणि आज सकाळी वहिनी — साहेबांच्या पत्नी — दारात हजर! रविवारी. विणकामाची पिशवी घेऊन.

"भावजी, आठ जण आहेत म्हणे?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीकडे पाहत होती.

वहिनी म्हणाल्या, "ही बरणी आमच्याच घरची आहे. असेच अबोल्यात होतो आम्ही. शेवटी ती उघडली कोणी, ते अजून ठरलेलं नाही. हे म्हणतात मी, मी म्हणते मी. आता माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं पडद्यावर आणली, शेवटी एक आमचं आणलं, तर ते शेठच्या मेहुण्यानं खोकून घालवायचं?"

"पण वहिनी, करायचं काय?"

बायकांचं आधीच ठरलेलं होतं! हिच्या शिवणाच्या क्लासच्या दहा जणी ट्रायलला येणार आणि हसणार. बरणीला इतकं हसायचं की खोकला ऐकूच येऊ नये.

म्हटलं, "हे बरोबर नाही. ट्रायलला शिकवलेली माणसं—"

"तुम्ही काही ऐकलंत का?" वहिनींनी विचारलं.

"... नाही."

"मग झालं तर."

दुपारभर दिवाणखान्यात तालीम. एकीला हसूच येईना. तिला ही म्हणाली, "तुझ्या दिराचा चेहरा आठव." मग ती थांबेना.

वरच्या नळीतून पुन्हा मेहुण्याच्या तालमीचा खोकला, घरात हशा. मध्ये मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कानाला दडा बसला!! दोन्ही! अंघोळ करून आलो आणि सगळं जग उशीखाली गेलं.

खालच्या डॉक्टरकडे धावलो. तो ओरडून म्हणाला — ओरडला म्हणूनच कळलं — "अहो, मी दातांचा!" तरी त्यानं सवयीनं आधी आ करायला लावलं.

हिनं कोमट तेल घातलं. शेठना कळलं तर? साहेबांना कळलं तर? आणि मनातला चोर हळूच म्हणतो कसा — बरंच झालं की! ऐकलं नाही म्हणजे सांगायला नको!

१२ नोव्हेंबर, बुधवार

डावा उघडला. पहिला आवाज हिचा. "चौथ्यांदा हाक मारतेय!"

उजवाही उघडला, संध्याकाळी. चोर पळाला. आता सुटका नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रायल झाली. आत्ताच्या आत्ता लिहून काढतो.

दुपारची वेळ. मी दारात उभा. ट्रायलला सर्दीवाला माणूस आत सोडायचा नाही, हा माझा जुना शिरस्ता. नाहीतर आजारपणानं चांगला सीन जायचा! प्रत्येकाला आ करायला लावतो, नाव विचारतो, आवाज ऐकतो. इस्त्रीवाल्याचं नाक वाहत होतं, त्याला परत पाठवला. बिचारा पायऱ्या उतरताना म्हणत होता, "साहेबांचं शेवटचं पिक्चर अन् माझंच नाक!"

शेठची आठ माणसं एका रांगेत. घसे आरशासारखे! मेहुण्याच्या खिशात खडीसाखर. म्हटलं, "तब्येत?" तो म्हणाला, "उत्तम!" काका म्हणाले, "घोड्यासारखी!"

साहेब जिन्यावर बसले होते, पेन्सिल तोंडात. त्यांनी विचारलं, "सगळे बरे आहेत ना?"

मी काही बोलायच्या आत शेठच पुढे झाले. "ठणठणीत! एकालाही सर्दी नाही. मी जबाबदार!"

शिवणाच्या दहा जणी आल्या. त्यांच्या मागे ही आणि वहिनी, अगदी निरागस तोंडानं. दिवे गेले. मी कोपऱ्यात डोळे मिटले.

सुरुवातीलाच घोटाळा. पडद्यावर शेठच्या कंपनीचं चिन्ह आलं, गर्जणारा वाघ, आणि दिराचा चेहरा आठवणारी बाई खो खो हसत सुटली. हिनं तिला कोपरानं ढोसलं. ढोसल्याचाही आवाज आला मला. शेठची खुर्ची करकरली.

मग पिक्चर चाललं. बरं चाललं. हसायचं तिथं खरं हसले, सोंगाचं नव्हे. मेहुण्याची खडीसाखर कुरकुर वाजत होती.

आणि बरणी आली.

म्हातारीनं झाकणाला हात घातला. मेहुण्यानं छाती भरून श्वास घेतला — स्पष्ट ऐकला मी. आता खोकणार! माझ्या मुठी वळल्या.

श्वास आत गेला. बाहेर येईना.

म्हातारी गेली, म्हातारा आला. खडीसाखर थांबली. खुर्च्या थांबल्या. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. बायकांच्या रांगेतून कुजबुज, "अगं, फडक्यानं धर..." दुसरी, "बुडावर थाप मारायची." हसायला आलेल्या बायका बरणीला सल्ले देत होत्या! मग ड्रायव्हर, अगदी हळू, "गरम पाण्यात बुडवा की राव." आणि काका, ज्यांनी दम संपेपर्यंत खोकायचं होतं ते काका, "घट्टय हो. फार घट्टय."

मेहुण्यानं सुरुवात केल्याशिवाय कोणी खोकायचं नव्हतं. आणि मेहुणा बरणी उघडत होता.

टक्.

झाकण निघालं. सगळ्या हॉलनं एकदम श्वास सोडला. माझ्या कानांनी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, त्या श्वासाची सर एकीलाही नाही. वहिनी कुठेतरी उजवीकडे हळूच म्हणाल्या, "मीच उघडली होती."

मी हे डोळे मिटूनच ऐकलं म्हणायचं होतं. खोटं कशाला लिहू? मिटले नव्हते.

आणि तेवढ्यात — फडफडफडफड! हेलिकॉप्टर!

मेहुणा खुर्चीतून उडाला. त्याला एकदम काम आठवलं. खोकला! मग ड्रायव्हर, कोरडा. मग दोघं, ओला. मग बाकीचे. मग काका! मेहुणा थांबेपर्यंत थांबायचं नव्हतं, आणि मेहुण्याच्या घशात खडीसाखर अडकली होती, तो थांबतोय कसला! ट्रक उडाले, ऐकू आले नाहीत. शिंकवाल्यानं संधी साधून शिंकून घेतलं. मुलगा हेलिकॉप्टरातून उतरून "माँ!" म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच बायकांनाही आपलं काम आठवलं. दहा जणी हसल्या! आई लेकराला मिठी मारतेय, अर्धा हॉल खोकतोय, अर्धा हसतोय. शेठ अंधारात "शू! शू!" करत होते. पुढे दीडशे माणसं नाचली म्हणे.

दिवे लागले. मी बाहेर आलो. शेठ माझ्या मागोमाग, अगदी पाठीला लागून.

साहेबांनी पेन्सिल काढली. "बरणीला काय ऐकलंस?"

"काही नाही, साहेब."

चेहरा पडला त्यांचा. "काहीच नाही?"

"श्वाससुद्धा नाही. झाकण निघाल्यावर सगळ्यांनी एकदम सोडला."

पेन्सिल खिशात घातली त्यांनी. मग, "आणि पुढे?"

शेठ माझ्याकडे बघत होते. ते बघणं पाठीतही कळतं.

"पुढे खोकला," मी म्हटलं.

"किती जण?"

"आठ. हेलिकॉप्टरपासून शेवटपर्यंत."

जे ऐकलं ते सांगितलं. का खोकले, ते साहेबांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी एडिटरच्या खोलीत सगळे. साहेब म्हणाले, "बरणी राहील. बरणीनंतरचं सगळं जाईल. पिक्चर तिथंच संपेल."

एडिटर म्हणाला, "आणि हरवलेला मुलगा?"

"तो हरवलाय असं पहिल्या रिळात एकदाच म्हटलंय. ते वाक्य काढ, की सापडला."

शेठ उठले. पांढरेफटक. "साहेब! माझं हेलिकॉप्टर!"

"खोकला आला की कात्री, शेठ. आणि सर्दी तर कोणालाच नव्हती. तुम्हीच जबाबदार होतात."

हेलिकॉप्टर वाचवायला शेठना एकच वाक्य पुरे होतं — खोकणारे माझेच होते. मला वाटलं, म्हणणार. तोंड उघडलं त्यांनी. शब्द आला, अडकला, आणि त्या जागी खोकला आला. थांबेना. मी ऐकला. पोटातून होता.

साहेबांनी स्वतः पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवला. म्हणाले, "सावकाश, शेठ. आता घाई कसली? पिक्चर बरंच छोटं झालंय."